पीआरव्हीचं गेज रात्री बघा

डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली साईट घोडबंदर रोडला होती, ३२ मजल्यांचा टॉवर, आणि माझ्याकडे प्लंबिंगचं काम. नवीन येणाऱ्यांनी आधी एकच हिशोब पक्का करा, १० मीटर उंचीला साधारण १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो) प्रेशर. टेरेसच्या टाकीतून डाऊनटेक, म्हणजे पाणी खाली आणणारी पाईपलाईन, खाली येते, ३ मीटरचा मजला धरला तर खालच्या मजल्यावर ९ किलोच्या वर जातं, आणि घरातल्या नळाला ३ किलो म्हणजे भरपूर झालं. म्हणून डक्टमध्ये, म्हणजे पाईप जातात त्या उभ्या पोकळीत, पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह. (सेफ्टीचा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो त्यालाही लोक पीआरव्हीच म्हणतात, ऑर्डर देताना पूर्ण नाव लिहा.) टेरेसजवळच्या दोन-तीन मजल्यांना उलट प्रेशर कमी पडतं, तिथे बूस्टर पंप लागतो.

मी दिवसा नळ चालू ठेवून सगळे पीआरव्ही ३ किलोवर सेट केले. आठवडाभरात सहाव्या मजल्यावर पहाटे बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुटला, बेडरूमपर्यंत पाणी, नवीन फर्निचर फुगलं, त्या काकूंचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. आमचा जुना फिटर म्हणाला, "साहेब, सगळे नळ बंद असताना गेज बघितलं का?" त्या रात्री २ वाजता टॉर्च घेऊन दोघं डक्टमध्ये बसलो, कोणी पाणी वापरत नव्हतं आणि काटा हळूहळू ३ वरून ४, ५ करत ८ ला गेला.

व्हॉल्व्ह खोलला तर सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना आतली चकती जिथे टेकते तिथे) सीपीव्हीसी प्लास्टिक पाईपचा नखाएवढा कीस आणि टेफलॉन टेपचा धागा. एवढ्याशा कचऱ्याने सीट पूर्ण बसत नाही, पाणी वाहत असेल तोवर कळत नाही, सगळे नळ बंद झाले की वरचं प्रेशर झिरपत झिरपत खाली पूर्ण येतं. पाणी बंद असताना काटा थोडा वर जाणारच, ३ चा साडेतीन ठीक आहे, पण वर चढतच राहिला तर व्हॉल्व्ह खोला. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रात्री टपकतो अशी तक्रार आली तरी आधी पीआरव्हीवर संशय घ्या. पीआरव्हीचा सेटिंगचा स्क्रू आवळला की प्रेशर वाढतं, तेव्हा पाव पाव फेराच द्या आणि दर वेळी नळ उघडून बंद करून गेज बघा.

आता मी नवी मुंबईत मोठ्या लाईनवर असतो, तिथे पायलटवाला व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एक छोटा व्हॉल्व्ह मोठ्याला चालवतो, तत्त्व तेच. पण पाणी ठराविक वेळीच सुटत असेल तर लाईनीत आधी हवा आणि गाळ येतो, म्हणून एअर व्हॉल्व्ह आणि मोठा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) हवाच, नाहीतर पायलटची बारीक नळी चोंदते आणि व्हॉल्व्ह भलतंच वागायला लागतो.

बिल्डिंगमध्ये व्हॉल्व्ह बसवायच्या आधी लाईन फ्लश करा, म्हणजे अगदी स्वच्छ पाणी येईपर्यंत. आधी स्ट्रेनर, दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि गेज, शिवाय युनियन, म्हणजे पाईप न कापता खोलता येणारा जोड. पहिल्या महिन्यात स्ट्रेनरची जाळी दोनदा काढून धुवा. आणि डक्टमध्ये पाना फिरेल एवढी जागा सोडा, मी एका साईटवर भिंतीला चिकटवलेला पीआरव्ही काढायला अर्धी टाईल फोडलेली आहे.