सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व कसा ओळखावा आणि कसा निवडावा

नवी ट्यूब घेताना टायरवर छापलेला आकार बहुतेक जण आठवणीने पाहतात, पण व्हॉल्व पाहायचा राहून जातो, आणि मग आकाराने अचूक असलेली ट्यूबही रिमवर बसत नाही. त्यामुळे खरेदीआधी जुन्या व्हॉल्वची टोपी काढून तो नीट न्याहाळावा.

व्हॉल्व जाड, सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचा असेल आणि तोंडाच्या मधोमध बारीक पिन दिसत असेल, तर तो श्रेडर होय. मोटारगाडीच्या चाकालाही हाच असतो. सुमारे ६ मिलिमीटरचा, सडपातळ आणि टोकाला इवलासा नट असलेला व्हॉल्व प्रेस्टा होय. डनलॉप खाली श्रेडरइतकाच रुंद असून वर निमुळता होतो आणि त्याचा आतला भाग एका नटाने आवळलेला असतो.

त्यानंतर रिमचे भोक तपासावे. श्रेडर व डनलॉपसाठी ते साधारण ८.५, तर प्रेस्टासाठी ६.५ मिलिमीटरचे असते. रुंद भोकात प्रेस्टा बसवायचा असल्यास मध्ये बुश, म्हणजे फट भरणारे छोटे कडे, घालावा, कारण मोकळ्या फटीत ट्यूब दाबाने ढकलली जाऊन व्हॉल्वच्या मुळाशी फाटू शकते. याउलट, श्रेडर मावावा म्हणून अरुंद रिमचे भोक ड्रिलने वाढवू नये. त्याने रिम कमकुवत होते. अरुंद रिमवर प्रेस्टा वापरतात, तेही भोक लहान लागते म्हणूनच. खोल रिम असेल, तर व्हॉल्वची लांबीही पाहावी. पंपाची पकड बसण्यासाठी रिमबाहेर सुमारे १५ मिलिमीटर तरी भाग उरला पाहिजे.

हवा भरण्यात खरा फरक जाणवतो. श्रेडरमधील स्प्रिंग पिनला वर रेटून तोंड बंद ठेवते. प्रेस्टात स्प्रिंग नसते. आतल्या हवेचा दाबच तो मिटवून ठेवतो. म्हणून प्रेस्टाचा नट आधी सैल करावा, चिकटलेली पिन सुटावी यासाठी टोक क्षणभर दाबावे, पंप सरळ लावावा व सरळच काढावा, कारण तिरपा ओढल्यास ती नाजूक पिन वाकते, आणि शेवटी नट पुन्हा आवळावा. प्रेस्टाचा पंप डनलॉपलाही सहसा बसतो. रबरी नळी असलेल्या जुन्या घडणीच्या डनलॉपमध्ये मात्र दाब नेमका मोजणे कठीण जाते, पण ती नळी कुजली तरी नवी चढवून व्हॉल्व घरच्या घरी पूर्ववत करता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

रोजच्या वापराच्या सायकलीला, भोक अनुकूल असल्यास, मी श्रेडरच सुचवेन: तो दणकट असतो आणि मोटारीच्या पंपानेही भरता येतो. कोणताही व्हॉल्व बसवल्यावर त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. बुडबुडे आले, तर श्रेडरचा आतला भाग किंवा डनलॉपचा नट थोडा आवळून पुन्हा तपासावे.