सॅक घ्यायचीय? मग आधी रिपेअरवाल्याकडं जाऊन या

चार वर्षांत तीन सॅक खराब केल्या मी. काम असं आहे की सकाळी लातूरच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसायचं आणि दुपारून औसा, रेणापूर, निलंगा यापैकी कुठल्यातरी गावच्या वावरात माती-पाण्याचे नमुने घ्यायचे, म्हणजे एकाच पाठीवर लॅपटॉप पण आणि मातीच्या पिशव्या पण. तिसरी सॅक ऑनलाइन सेलमधे घेतली होती, अकरा कप्पे, बाहेर यूएसबीचं भोक, दिसायला एकदम भारी, आणि सातव्या महिन्यात बसमधे चढताना उजवा पट्टा मुळासकट हातात आला. गंजगोलाईजवळ एक चाचा बॅगा शिवत बसतात, त्यांच्याकडं नेली. त्यांनी पट्टा उलटा करून बघितला आणि म्हणले, कपडा तर नवाच आहे बेटा, शिलाईच नाही मारलेली.

पट्टा होईपर्यंत अर्धा तास तिथंच बसलो होतो, तर समोर दहा-बारा बॅगा पडलेल्या, आणि एक-दोन सोडल्या तर सगळ्यांचं कापड शाबूत. गेलेलं काय, तर चेन, नाहीतर पट्ट्याची शिवण, नाहीतर बक्कल. आपण मात्र दुकानात रंग बघतो, कप्पे मोजतो आणि वॉटरप्रूफ आहे का विचारतो. म्हणून चौथी सॅक घ्यायच्या आधी गावातल्या रिपेअरवाल्याला विचारलं की तुमच्याकडं जास्त काय येतं. तुम्ही पण विचारा, फुकटात मिळणारा यापेक्षा चांगला सल्ला मला तरी माहीत नाही.

आधी बाजेवर पसारा मांडा

दुकानात जायच्या आधी रोज जे जे नेता ते सगळं बाजेवर काढून ठेवा आणि वजन करा. वजनकाट्यावर एकदा नुसतं उभं राहायचं, एकदा सामान घेऊन, फरक तेवढं वजन. माझा हिशोब असा निघाला: लॅपटॉप २ किलो, चार्जर ४०० ग्रॅम, लिटरची भरलेली बाटली एक किलोच्या वर, डबा पाऊण किलो, रेनकोट पाऊण किलो, वह्या-फाइल एक किलो, पॉवरबँक ३५० ग्रॅम. झाले साडेसहा किलोच्या जवळपास, आणि अजून वावरात पाय पण ठेवला नाही. एक मातीचा नमुना अर्धा किलोचा, असे सहा घेतले की वर तीन किलो. शाळेच्या लेकरांसाठी २०२० च्या दप्तर धोरणात वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको असं आहे, त्या हिशोबानं ६८ किलोचा मी नमुन्यांसकट सरळ नापास. मोठ्या माणसाला तो नियम नाही हे खरं, पण कंबर तर आपलीच आहे ना.

यातून पहिला निर्णय झाला की मातीचे नमुने सॅकमधे घालायचेच नाहीत, ते वेगळ्या जाड थैलीत गाडीला बांधायचे. एवढ्या एका गोष्टीमुळं ४० लिटरच्या सॅकची गरजच संपली. नुसतं ऑफिस असेल तर २० ते २५ लिटर भरपूर होते, वावरात पण जायचं असेल तर २५ ते ३०. त्याच्यावर घेऊ नका, कारण जागा दिसली की माणूस भरतो.

आणि लॅपटॉपच्या इंचावर जाऊ नका. १५.६ इंच हे स्क्रीनच्या तिरप्या रेषेचं माप असतं, लॅपटॉप स्वतः ३६ सेंटिमीटरच्या आसपास लांब भरतो. फाइल पण लीगल साइजची असेल तर ३५.६ सेंटिमीटर, ए-फोरच्या सॅकमधे ती दुमडते आणि साहेबाच्या टेबलावर केळीच्या पानासारखी उघडते. सोपा उपाय म्हणजे लॅपटॉप, डबा आणि फाइल घेऊनच दुकानात जा. दुकानदार बघतो उलीसं वाकड्या नजरेनं, बघू द्या.

मग सॅक उलटी करा

इथं घाई करू नका. सगळ्या चेन उघडा आणि आतली शिवण बघा. पट्टा जिथं वर पाठीला जोडलाय तिथं दाट, आडवी-तिडवी शिलाई पाहिजे, किंवा चौकोन मारून त्यात फुली. नुसत्या दोन सरळ टिपा दिसल्या तर सॅक ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. आतल्या कडा पट्टी लावून बंद केलेल्या पाहिजेत, नाहीतर कापडाचे दोरे सुटत जातात आणि एक दिवस शिवण कडेवरून घसरते, मग ती परत मारायला कापडच उरत नाही. वरचा हँडल पण असाच बघा, कारण बसमधे, गाडीवर, टेबलाखाली आपण सॅक उचलतो ती हँडलनंच. शेवटी सामान भरून एकाच पट्ट्यावर उचला आणि दोन हिसके द्या. टाके ताणून मधे फट दिसली की समजा सहा महिने.

खालचा बारका पट्टा बक्कलमधून सरकतो का हे भरल्या सॅकवरच कळतं. रिकामी सॅक काय, कुठलाही बक्कल धरतो.

चेन

आमच्याकडं एप्रिल-मे मधे रस्त्याचा फुफाटा आणि जूननंतर काळ्या मातीचा चिखल, आणि तोच चिखल वाळला की परत बारीक भुकटी होऊन चेनमधे जातो. म्हणून मराठवाड्यात सॅक पहिली चेनमधे मरते. चेनच्या रनरच्या मागं बऱ्याचदा आकडा असतो, ५, ८ किंवा १०, तो साधारण बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमधे सांगतो. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० बघा, बाहेरच्या छोट्या खिशाला ५ चालतो.

दातांचे दोन प्रकार दिसतील. एक नायलॉनची गुंडाळी असते, मऊ, वळणावर चांगली, आणि मधेच उघडली तरी रनर मागं नेऊन परत पुढं आणला की बऱ्याचदा जुळते. दुसरे सुटे जाड प्लास्टिकचे दात, ते मातीत जास्त टिकतात पण एक दात तुटला की अख्खी चेन बदलावी लागते. रोज वापरायच्या सॅकला मी गुंडाळीवालीच घेतो. वायकेके ही १९३४ पासूनची जपानी कंपनी, तिचं नाव रनरवर असलं तर बरं, पण त्या नावाच्या नकली चेन पण ढिगानं येतात, म्हणून नावापेक्षा हातानं बघा: भरलेल्या सॅकची चेन एका हातानं कोपऱ्यावरून फिरली पाहिजे, आणि आतलं अस्तर तिच्यात अडकायला नको.

चेन मागून उघडी राहायला लागली तर सॅक टाकून देऊ नका, बहुतेक वेळा दात चांगले असतात आणि रनर झिजलेला असतो. माझा ५० रुपयात बदलून झाला. चेन जड चालली तर ब्रशनं माती काढून मेणबत्ती घासा. खोबरेल तेल लावू नका, मी लावलं होतं, दोन दिवस लोण्यासारखी चालली आणि तिसऱ्या दिवशी त्या तेलावर सगळा फुफाटा.

कापड, पाठ, पट्टे

लेबलवर ६००डी, १६८०डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड. रोजच्या कामाला ६०० चं पॉलिस्टर पुरतं, तळाला जास्त जाड असेल तर चांगलंच. नायलॉन घासायला जास्त चिवट असतो, पण ऊन पॉलिस्टर जास्त सोसतं, आणि आपल्याकडं ४२ डिग्रीत सॅक दिवसभर गाडीवर असते हे विसरू नका. आतून चकचकीत थर असतो तो बोटानं चोळून बघा, चिकट लागला किंवा पापुद्रे निघाले तर माल जुना पडलेला आहे.

पाठीला जाळी असली की वारा खेळतो हे खरं, पण वावरात फिरणाऱ्यांनो, त्या जाळीत कुसळं आणि गोखरू असे रुततात की संध्याकाळी बायको चिमट्यानं काढत बसते (मला म्हणते, सॅक आणली का काटेरी झुडूप). बारीक विणीची जाळी बघा. पट्ट्याचा फोम अंगठ्यानं दाबून सोडला की लगेच वर आला पाहिजे. छातीवरचा बारका पट्टा मला आधी नखरा वाटायचा, पण गाडीवर खड्ड्यात सॅक इकडं-तिकडं जात नाही ती त्याच्यामुळंच.

कप्पे किती

चार बस झाले. अकरा कप्प्यांच्या सॅकमधे मी तलाठी ऑफिसच्या दारात उभा राहून पेन शोधलाय, अकरावा कप्पा उघडेपर्यंत लाइन पुढं गेली. कसोटी एकच, डोळे मिटून हात घातला तर वस्तू सापडली पाहिजे. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडून, आणि तो तळापासून दोन बोटं वर शिवलेला, नाहीतर सॅक फरशीवर टेकवली की मार लॅपटॉपलाच बसतो. मधला मोठा कप्पा डब्या-फाइलला. पुढचा पेन, टेप, मार्करला. चौथा पाठीला चिकटून लपलेला, पाकीट आणि कागदपत्राला. बाटलीचा खिसा बाहेर आणि खोल, नाहीतर स्पीडब्रेकरवर बाटली उडून मागच्या गाडीसमोर पडते. आतलं अस्तर फिक्या रंगाचं घ्या, काळ्या अस्तरात काळी पेनड्राइव्ह शोधणं म्हणजे लोडशेडिंगमधे सुई शोधणं.

पावसासाठी रेनकव्हर घ्या, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, गाडीवर पाणी मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमधे येतं, आणि तिथं कव्हर नसतंच. लॅपटॉप आणि कागद आत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले की झालं. आणि उन्हाळ्यात सॅकच्या आत पॉवरबँकवर मोबाइल चार्जिंगला लावून फिरू नका. असल्या बॅटऱ्या ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायच्या नसतात आणि उन्हातल्या बंद सॅकमधे तेवढं तापायला वेळ लागत नाही.

वॉरंटीचा कागद घ्यायच्या आधी वाचा, चेन आणि झीज त्यात धरलीय का एवढंच बघायचं, आणि बिलाचा फोटो मोबाइलमधे ठेवा कारण छापील बिल वर्षात कोरं होतं. ऑनलाइन घेतली तर परत करायची तारीख बघून ठेवा, आणि घरच्या घरीच पूर्ण वजन भरून दोन-तीन संध्याकाळी अर्धा तास गच्चीवर फिरा. तोवर टॅग कापू नका.