क्यूटीत प्लेअर लिहिताना: थांबलं की संपलं?

माझा पहिला प्लेअर नोकरीसाठी नव्हता, जत्रेतल्या नाटकासाठी होता. फोंड्याजवळचं गाव, देवळासमोरचा मांडव, विंगेत लॅपटॉप आणि त्यात पार्श्वसंगीताचे तुकडे ओळीने लावलेले. पायसाइड ६ (क्यूटी ही खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहायची लायब्ररी पायथनमधून वापरायचं साधन), त्यातला फाइल वाजवणारा क्यूमीडियाप्लेअर, दोन बटणं. तालमीत झकास चाललं. प्रयोगात मरणाच्या प्रसंगाला करुण सनई सुरू होती. नाटक बसवणाऱ्या भाईंनी हात केला, मी ‘थांबवा’ दाबलं, आणि लगेच पुढचा तुकडा: लग्नाची वाजंत्री. मांडव हसला, मग प्रेतही हसलं.

तुकडा संपला की पुढचा लागावा म्हणून मी प्लेबॅकस्टेटचेंज्ड सिग्नल, म्हणजे अवस्था बदलल्याची प्लेअरने दिलेली खबर, पकडला होता: स्टॉप्डस्टेट (थांबलेली अवस्था) आली की पुढचा लाव. इथेच फसाल. ती अवस्था तुकडा आपणहून संपला तरी येते, तुम्ही स्टॉप दाबलं तरी येते, आणि वाजत असताना सेटसोर्सने नवी फाइल चढवली तरीही येते. का थांबलं हे तो सिग्नल सांगतच नाही. संपल्याची खबर मीडियास्टेटसचेंज्ड देतो, त्यात एंडऑफमीडिया आलं की. पुढचा तुकडा फक्त त्यावर लावा. तालमीत हे उघड झालं नाही, कारण तिथे सगळे तुकडे शेवटपर्यंत वाजत. स्टॉपला कुणी हात लावलाच नव्हता.

क्यूटी ५ चे जुने धडे बघून कोड चिकटवू नका. तिथला स्टेटचेंज्ड आता प्लेबॅकस्टेटचेंज्ड झालाय, क्यूमीडियाप्लेलिस्ट तर काढूनच टाकली. आवाजासाठी क्यूऑडिओआउटपुट स्वतः जोडावा लागतो, आणि तो सेल्फवर, म्हणजे तुमच्या ऑब्जेक्टमध्येच, ठेवा. फंक्शनपुरता ठेवलात तर फंक्शन संपताच पायथन तो कचरा म्हणून काढून टाकतो आणि आवाजच येत नाही. मी एक रात्र स्पीकरच्या वायरी हलवण्यात घालवली. सेटसोर्सनंतर लगेच ड्युरेशन (तुकड्याची लांबी) विचारलंत तर शून्य मिळेल, फाइल अजून उघडतेय. ड्युरेशनचेंज्डची वाट बघा. आकडा मिलिसेकंदांत असतो.

घाबरू मात्र नका, सिग्नल मोजकेच आहेत. मला तयार उत्तर देणाऱ्यांनी काही शिकवलं नाही. एका सीनियरने मात्र सांगितलं, ‘दोन्ही सिग्नलांवर प्रिंट टाक आणि बटणं दाबत बस.’ अर्ध्या तासात सगळं टर्मिनलवर दिसलं.

पुढच्या जत्रेलाही प्लेअर माझाच होता. स्टॉपवर बोट ठेवायला भाईंनी माणूस मात्र दुसरा बसवला.