पहिलटकरणीनं माहेरून दवाखान्यात कधी निघावं

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी सोलापूरला येते, फाईल मात्र सासरीच राहते. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार सोबतच आणावं. 34-35व्या आठवड्यात इथल्या दवाखान्यात दाखवून नाव घालावं. ऐन कळांत नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं.

खऱ्या कळा घड्याळावर कळतात. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतची मिनिटं लिहून ठेवा. चालल्यावर, कूस बदलल्यावर विरतात त्या खोट्या. दर 5 मिनिटांनी येणारी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर तशीच राहिली की निघा. पहिल्या खेपेला 12-18 तासही लागतात. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या खेड्यातून यायचं असेल तर कळांचा तो तासभरही थांबू नये.

पाणी गेलं, रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाटच बघायची नाही. हिरवट पाणी म्हणजे बाळानं पोटातच शी केली. ती त्याच्या श्वासात जाऊ शकते. 108 ला फोन लावा.

पिशवीत पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, टोपडं आणि जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे. सोलापुरी चादर न्या, पण आईसाठी. मे महिन्यात बाळाला तिच्यात गुंडाळलं तर अंग तापतं आणि सगळ्यांना वाटतं ताप आला.

पहिला पिवळसर चीक तासाभरात पाजा. मध, गूळपाणी चाटवायचं नाही, आजी कितीही रुसली तरी.