स्ट्रट्स १ : मॅपिंग आणि फॉर्मच्या या चुका टाळा

स्ट्रट्स १ या जावा वेब-फ्रेमवर्कचा पाठिंबा संपल्याचं अपाचेने २०१३ मध्ये जाहीर केलं. शेवटची आवृत्ती, १.३.१०, तर २००८ ची. तरी या जुन्या घोड्यावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन्स आहेत, आणि ती सांभाळायला नवी मुलं येत राहतात. त्यांची पद्धत ठरलेली असते. स्ट्रट्स-कॉन्फिग या फाइलमधलं शेजारचं मॅपिंग (कुठली विनंती कुठल्या अ‍ॅक्शनकडे, म्हणजे काम करणाऱ्या क्लासकडे, आणि कुठल्या फॉर्मकडे जाते ती नोंद) उचलायचं, खाली चिकटवायचं, नावं बदलायची. चाललं तर पुढे. नाही चाललं की माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहायचं.

मॅपिंगमध्ये जे लिहिलंय ते सगळेच वाचतात. चावतं ते न लिहिलेलं. दोन अ‍ॅट्रिब्यूट तर मी आता डोळे मिटूनही तपासतो: स्कोप आणि व्हॅलिडेट.

स्कोप म्हणजे फॉर्मचं बीन, पानावरची माहिती ठेवणारा ऑब्जेक्ट, किती काळ जपायचं ते. तो लिहिला नाही तर स्ट्रट्स तो सेशन धरतं. रीक्वेस्ट (एकच विनंती) नाही, सेशन (वापरकर्त्याची अख्खी बैठक). हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं, आणि मलाही एकेकाळी नव्हतं. एका ठिकाणी ग्राहकांची माहिती बदलायचं पान होतं. त्यावर 'खातं चालू' असा चेकबॉक्स. तक्रार आली की टिक काढून जतन केलं तरी ती परत येते. ज्याने पान लिहिलं होतं त्याने दुपारभर जावास्क्रिप्टशी झटापट करून एक लपवलेलं फील्ड जोडलं आणि 'झालं' म्हणून कळवलं. लक्षण गेलं, रोग तसाच राहिला.

झालं होतं असं. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. 'नाही' असंही पाठवत नाही, त्या नावाचं पॅरामीटरच नसतं. पान उघडताना डेटाबेसमधून आलेलं 'ट्रू' सेशनमधल्या बीनमध्ये बसलेलं. जतन करताना स्ट्रट्स तेच बीन काढतं, त्यावर रीसेट (फील्डं मूळ स्थितीला आणायची मेथड) चालवतं आणि मग आलेली पॅरामीटर्स भरतं. रीसेट कोणी लिहिलंच नव्हतं, पॅरामीटर आलंच नव्हतं, मग 'ट्रू' जाणार कुठे?

महिन्याभराने खरा स्फोट झाला. एका ग्राहकाच्या खात्यावर दुसऱ्याचा पत्ता चढला. आम्ही दोन दिवस ट्रान्झॅक्शन्स तपासत होतो, डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाशी माझं भांडणही झालं. चूक त्याची नव्हतीच. काम करणाऱ्या बाईंनी दोन टॅब उघडले होते. पहिल्यात एक ग्राहक, दुसऱ्यात दुसरा. सेशनमध्ये त्या नावाचं बीन एकच, त्यामुळे त्यात दुसऱ्याचा क्रमांक बसला. मग त्यांनी पहिल्या टॅबमध्ये पत्ता सुधारून जतन केलं. 'क्रमांक बीनमध्ये आहेच की' म्हणून पानावर तो लपवलेल्या फील्डमध्येही ठेवलेला नव्हता. पत्ता पहिल्याचा, क्रमांक दुसऱ्याचा.

तेव्हापासून मी प्रत्येक मॅपिंगवर स्कोप 'रीक्वेस्ट' असं स्वतःच्या हाताने लिहितो. डेटाबेसमधल्या ओळीचा क्रमांक पानावर ठेवतो, आणि जतन करताना त्या वापरकर्त्याला ती ओळ बदलायचा हक्क आहे का हेही तपासतो. रीसेटमध्ये सगळे चेकबॉक्स 'फॉल्स' करतो, स्कोप कुठलाही असो. उद्या कोणी तो बदलणार नाही याची मला खात्री नाही.

सेशन खरंच लागतो तो दोनतीन पानांच्या लांबलचक फॉर्मला. तिथे उलटी चूक होते: उत्साहाच्या भरात रीसेटमध्ये सगळीच फील्डं पुसली जातात आणि दुसऱ्या पानावर गेलं की पहिलं पान कोरं होतं. ज्या पानावर जे चेकबॉक्स आहेत तेवढेच पुसा. आपण कुठल्या पानावर आहोत हे बीनला विचारू नका, रीसेट चालतं तेव्हा नवी माहिती बीनमध्ये अजून भरलेली नसते. थेट रीक्वेस्टमधल्या पॅरामीटरला विचारा.

आता व्हॅलिडेट, म्हणजे भरलेला फॉर्म आधी तपासायचा की नाही ते. मॅपिंगला फॉर्मचं नाव दिलं आणि व्हॅलिडेट लिहिलं नाही, की ते 'ट्रू'. म्हणून पान पहिल्यांदा उघडतानाच 'नाव आवश्यक आहे', 'पत्ता आवश्यक आहे' अशा लाल ओळी झळकतात. बिचाऱ्या वापरकर्त्याने अजून कीबोर्डला हातही लावलेला नसतो. यावर मी पाहिलेला सर्वांत भारी 'उपाय' म्हणजे पहिल्या वेळी चुका दाखवू नयेत म्हणून जेएसपीत (पानाच्या टेम्प्लेटमध्ये) घातलेली अट. चुका लपल्या, पण अ‍ॅक्शनचं एक्झिक्यूट (खरं काम करणारी मेथड) चाललंच नाही, कारण व्हॅलिडेट नापास झालं की स्ट्रट्स थेट इनपुटकडे, म्हणजे नापास झाल्यावर दाखवायच्या पानाकडे, वळतं. मग ड्रॉपडाउन रिकामे का, यावर आणखी एक दिवस.

ड्रॉपडाउन भरावेत म्हणून इनपुटला जेएसपीऐवजी संपादनाची अ‍ॅक्शन देतात. कल्पना वाईट नाही. पण ती अ‍ॅक्शनही तोच फॉर्म वापरते, व्हॅलिडेट तिथेही लिहिलेलं नाही, आणि ओळ नक्कल केलेली असल्यामुळे तिचं इनपुट म्हणजे ती स्वतःच. नापास, इनपुट, नापास, इनपुट, शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो. हे टळलं तरी पुढचा खड्डा आहेच: संपादनाची अ‍ॅक्शन डेटाबेसमधून माहिती पुन्हा उचलते आणि माणसाने भरलेलं सगळं पुसून टाकते. एका चुकीच्या पिनकोडसाठी अख्खा फॉर्म पुन्हा भरायचा.

मी तीन मॅपिंग करतो. एक उघडायचं, व्हॅलिडेट फॉल्स. एक जतन करायचं, व्हॅलिडेट ट्रू. तिसरं फक्त याद्या भरून पान परत दाखवायचं, तेही फॉल्स, आणि जतनाचं इनपुट म्हणजे हे तिसरं. 'तीन कशाला, एकातच होतं' असं प्रत्येक जण सांगतो. होतं खरं. ते कसं होतं ते वर आलंच आहे.

बाकीच्या चुकांना एवढा वेळ देणार नाही.

'कॅनॉट रिट्रीव्ह मॅपिंग फॉर अ‍ॅक्शन' दिसलं तर मॅपिंगचा पाथ बघा. तो तिरक्या रेघेने सुरू व्हायला हवा, आणि त्यात शेवटी 'डॉट डू' नको. ते वेब-एक्सएमएल या दुसऱ्या कॉन्फिग फाइलचं काम.

पांढरं, कोरं पान, चूक काहीच नाही: फाइंड-फॉरवर्डला (पुढचं पान नावाने शोधणाऱ्या मेथडला) दिलेलं नाव चुकलंय. नल परत गेलं की स्ट्रट्स समजतं, उत्तर तुम्ही स्वतःच पाठवलंत.

अ‍ॅक्शनमध्ये इन्स्टन्स व्हेरिएबल ठेवू नका. तिचा एकच ऑब्जेक्ट सगळ्यांसाठी असतो. एकट्याने चाचणी करताना हे कधीच कळत नाही.

ज्या नावाचं पहिलं अक्षर छोटं आणि दुसरं मोठं, असं प्रॉपर्टीला नाव देऊ नका. गेटरच्या (प्रॉपर्टी वाचणाऱ्या मेथडच्या) नावात पहिली दोन्ही अक्षरं मोठी होतात, आणि तशी दिसली की जावाचा इंट्रोस्पेक्टर नाव आहे तसंच ठेवतो. जेएसपी छोट्या अक्षराने शोधते आणि 'नो गेटर मेथड' म्हणून रडते. गेटर समोर दिसत असतो, माणूस वेडा होतो.

फॉर्ममधली फील्डं स्ट्रिंगच ठेवा. इंट ठेवलंत आणि कोणी अक्षरं टाइप केली तर गुपचूप शून्य येतं, व्हॅलिडेटला मूळ मजकूर दिसतही नाही.

डेटाबेसची एंटिटी (टेबलातली ओळ धरणारा ऑब्जेक्ट) थेट फॉर्ममध्ये ठेवणं हा आळशी लोकांचा लाडका शॉर्टकट. पॅरामीटरच्या नावातले टिंब पकडत स्ट्रट्स वापरतं ती बीनयुटिल्स लायब्ररी आत आत जाते, त्यामुळे पानावर नसलेली उधारीची मर्यादाही कोणी ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतून बदलू शकतं. याच टिंबांच्या वाटेने 'क्लास' प्रॉपर्टीतून क्लासलोडरपर्यंत पोहोचता येतं हे २०१४ मध्ये उघड झालं, सीव्हीई-२०१४-०११४ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी ती हीच. तुमच्याकडे 'क्लास' असलेली पॅरामीटर्स अडवणारा फिल्टर नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि आधी तो लावा.

आणि कॉन्फिग बदललीत की अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू करा, ती सुरुवातीला एकदाच वाचली जाते. हे लिहायलाही लाज वाटते. पण मागच्याच महिन्यात मी पाथमधली तिरकी रेघ तीनदा काढून घालून पाहिली, आणि सर्व्हर आपला सकाळचीच फाइल धरून बसला होता.