जॅपनीज पिक्चरच्या सबटायटलवरून भाषा कशी शिकायची, मधे इंग्लिश न आणता

जॅपनीज पिक्चरमध्ये एक सीन हमखास असतो, कोणीतरी दारात बसून बूट घालतंय आणि उठता उठता घरातल्यांना सांगतंय "इत्ते किमासु", आतून आवाज येतो "इत्तेराश्शाई". खाली इंग्लिश सबटायटल काय, तर "आय ॲम लीव्हिंग" आणि "बाय". आता मूळ शब्द बघा. इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येतो. जाऊन येतो! आणि आतून उत्तर, जाऊन या. आपल्याकडे कोणी नुसतं "जातो" म्हटलं तर आजी अजूनही टोकते, "जातो नाही, येतो म्हणावं". म्हणजे जे आपल्याला एका फटक्यात कळलं असतं ते इंग्लिशवरून फिरून येताना हरवून गेलं.

पुण्यात इतके जण जॅपनीज शिकतात, क्लास लावतात, आणि घरी आल्यावर इंग्लिश सबटायटल लावून पिक्चर बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझी सगळी पद्धत एकाच गोष्टीवर आहे, पिक्चरच्या छोट्याशा तुकड्याला स्वतःचं मराठी सबटायटल स्वतः लिहायचं.

आधी एवढं यायला पाहिजे

हिरागाना आणि काताकाना या जॅपनीजच्या दोन लिप्या, दोन्हीची 46-46 मूळ अक्षरं, आणि एन-5 लेव्हलचं (जेएलपीटी या जॅपनीजच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) थोडं ग्रामर. अक्षरांना घाबरू नका, त्यांचा क्रमच अ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना असा आहे, तो संस्कृत वर्णमालेच्या वळणावर बसवलेला आहे त्यामुळे आपल्याला पटकन लक्षात राहतो. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, नंतर येत राहील.

पिक्चर कसा निवडायचा

मुळात जॅपनीजमध्येच बनलेला घ्या, डब केलेला अजिबात नको, कारण डबिंगचे डायलॉग वेगळे लिहिलेले असतात आणि सबटायटल वेगळं, त्यामुळे कानावर एक पडतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं. सबटायटलच्या यादीत जपानी सीसी (क्लोज्ड कॅप्शन) असं असेल तर उत्तम, ते साधारण बोलल्याप्रमाणे असतं. तलवारबाजी, अंतराळ, पोलीस तपास सध्या बाजूला ठेवा. घर, शाळा, दुकान, जेवणाचं टेबल असलेलं काहीतरी घ्या. 'तोनारी नो तोतोरो' (1988, साधारण दीड तास) हा मी नवीन माणसाला नेहमी सुचवते, कारण त्यात लहान मुली आणि त्यांचे बाबा घरातलं रोजचं बोलतात, आणि नावातच पहिला धडा आहे. तोनारी म्हणजे शेजार, नो म्हणजे चा-ची-चे. शेजारचा तोतोरो. क्रमसुद्धा आपलाच.

आता प्रत्यक्ष काम

पहिल्यांदा अख्खा पिक्चर हव्या त्या सबटायटलमध्ये बघून घ्या, गोष्ट कळू द्या, अभ्यास करू नका. दुसऱ्या दिवशी त्यातला फक्त तीन मिनिटांचा एक सीन निवडा. तीनच मिनिटं, कारण तेवढ्यातच तीस-चाळीस ओळी निघू शकतात आणि त्या नीट करायला चार-पाच दिवस लागतात, घाई करणारे इथेच सोडून देतात असं मी बघितलंय.

मग जपानी सबटायटल लावून एकेक ओळ थांबवत वहीत किंवा नोटपॅडमध्ये उतरवून घ्या. तुमच्याकडे एसआरटी फाईल, म्हणजे सबटायटलची वेगळी फाईल, असेल तर ती नोटपॅडमध्ये सरळ उघडते, आत आधी ओळीचा नंबर, मग 00:12:31,400 --> 00:12:33,900 अशी वेळ आणि खाली वाक्य, बस एवढंच असतं. मराठी त्याच फाईलमध्ये टाईप करणार असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाज आणि अक्षरं मागेपुढे होत असतील तर जी आणि एच बटणांनी जुळवता येतात.

आता खरा भाग. प्रत्येक ओळीखाली मराठी लिहायचं, आणि छान मराठी नाही, शब्दाला शब्द लावून. एक साधं वाक्य घेऊ, आई फ्रिजकडे हात करून म्हणते, "ग्यून्यू कात्ते ओइता यो". इंग्लिशमध्ये येईल "आय बॉट मिल्क". आपण लावून बघू: ग्यून्यू दूध, कात्ते घेऊन, ओइता ठेवलं, यो म्हणजे आपलं ते शेवटचं हं. दूध घेऊन ठेवलंय हं! ओकु म्हणजे ठेवणे, आणि ते दुसऱ्या क्रियापदाला आपण लावतो तसंच लावतात, पुढच्या सोयीसाठी आधीच करून ठेवलेलं काम. इंग्लिशमध्ये हे "ठेवलंय" गेलंच कुठेतरी. तसंच ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणे, काइते आगेरु म्हणजे लिहून देणे, आणि ताबेते शिमात्ता म्हणजे खाऊन टाकलं. पुस्तकात यातल्या प्रत्येकाला वेगळं प्रकरण असतं आणि पोरं इंग्लिश अर्थ पाठ करत बसतात. वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे बहुतेक वेळा आपला 'ना', ई तेन्की देसु ने, हवा छान आहे ना.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. "ताबेता?" याचं मराठी करताना जेवलास, जेवलीस की जेवलात हे तुम्हालाच सीन बघून ठरवावं लागतं, जॅपनीज क्रियापद ते सांगत नाही. आणि नामामागे लागणाऱ्या वा आणि गा या छोट्या शब्दांतला फरक मराठीवरून सुटत नाही, तिथे क्लासमधल्या सरांनाच विचारा. जिथे अडेल तिथे समासात खूण करून पुढे चला.

इंग्लिश सबटायटल लिहिणाऱ्यांचा दोष नाही हेही सांगते, त्यांना जागाच नसते. नेटफ्लिक्सचा इंग्लिशसाठी नियम एका ओळीत 42 अक्षरांचा आहे. जपानमध्ये परदेशी पिक्चरची सबटायटल लिहितात तेव्हा सेकंदाला चार अक्षरं असा जुना हिशोब आहे. एवढ्यात कापाकापी होणारच. आपल्या वहीत अशी काही मर्यादा नाही.

कान

लिहून झालं की सबटायटल बंद. स्पीड पाऊणपट करून ऐका आणि ऐकू आलं ते लिहा, मग वहीशी ताडून बघा. इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो कारण पुस्तकात शिते इरु असतं आणि माणूस म्हणतो शितेरु. ताबेते शिमात्ताचं ताबेचात्ता, कात्ते ओकुचं कात्तोकु. पण आपणही कुठे "काय करत आहेस" म्हणतो, "काय करतोयस"च म्हणतो ना, तेच आहे हे. प्रत्येक आखूड रूपासमोर त्याचं पूर्ण रूप लिहून ठेवा, जेएलपीटीच्या ऐकण्याच्या पेपरला याचा थेट उपयोग होतो.

स्क्रिप्ट मिळाली तर सोनं. जपानी पटकथेत तीन भाग असतात, हाशिरा म्हणजे खांब, त्यात जागा आणि वेळ, तोगाकी म्हणजे कोण काय करतंय ते, आणि सेरिफु म्हणजे डायलॉग. मला तोगाकी फार आवडते, साध्या वर्तमानकाळातली छोटी वाक्यं, दार उघडतो, बसते, चहा ओततो, आणि त्याचा अर्थ समोर पडद्यावर दिसतो. पटकथा आणि पिक्चरमध्ये शब्द वेगळे सापडले तर दोन्ही लिहा.

एक काळजी घ्या. पिक्चरमधलं घरगुती बोलणं ऑफिसात चालत नाही. मी पहिल्याच क्लायंट कॉलवर समोरच्या साहेबांना "वाकात्ता" म्हणाले, तिथे "शोउची शिमाशिता" म्हणायला हवं होतं, आणि पलीकडे क्षणभर शांतता झाली ती मला अजून आठवते. आपल्याकडे साहेबांना "कळलं रे" म्हटल्यासारखंच ते. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीच्या मराठीत तू, तुम्ही की आपण हे मुद्दाम लिहिते आणि बाजूला कोण कोणाशी बोलतंय तेही, आई मुलीशी, दुकानदार गिऱ्हाईकाशी. ओरे (मी), ओमाए (तू) असले रांगडे शब्द समजून घ्या पण तोंडात बसवू नका.

शेवटी आवाज बंद करून चित्रावर तुम्हीच डायलॉग बोला, फोनवर रेकॉर्ड करा, आणि मूळ आवाजासोबत ऐका, विशेषतः वाक्याचा शेवट कुठे वर जातो कुठे खाली. हे दोन-तीन दिवस केलं की मग पुढचा सीन, पण त्याच पिक्चरमधला, कारण त्या माणसांचे आवाज आता तुमच्या कानाला ओळखीचे झालेले असतात आणि दुसरी तीन मिनिटं पहिल्याच्या निम्म्या वेळात होतात.