वस्तीतला पडीक कोपरा वापरात कसा आणावा

प्रत्येक जुन्या वस्तीत एक तुकडा असतो, जो कुणाचाच नसतो आणि म्हणूनच सगळ्यांचा कचरा तिथे येऊन पडतो. पडलेल्या घराची रिकामी जागा, दोन इमारतींमधली बोळ, बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीभोवतीचं आवार. शंभर-दीडशे चौरस मीटरचा असा तुकडा दहा-बारा जणांच्या गटाला आठ-नऊ महिन्यांत बसण्या-खेळण्याजोगा करता येतो. खाली दिलेला क्रम जरा उलटा वाटेल, कारण सुरुवात देखभालीपासून केली आहे. अशी कामं पैशांवाचून अडतात त्यापेक्षा दुसऱ्या वर्षी झाडांना पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसतं म्हणून जास्त बुडतात. नव्याचे नऊ दिवस सगळेच येतात.

१. आधी माणसं मोजा, मग जागा

कागद घ्या आणि जागा तयार झाल्यावरचा आठवडा मांडा. दीडशे चौरस मीटरला झाडलोट आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास: दीड तास. सहा झाडं आणि चार वाफ्यांना पाणी दोनदा, एकेक तास: दोन तास. तण काढणं, छाटणी, किरकोळ दुरुस्ती महिन्यातून एकदा, पाच जण दोन तास, म्हणजे आठवड्याला अडीच. एकूण सहा तास. प्रत्येकी अर्धा तास धरला तर बारा माणसं लागतात, आणि तीही दर आठवड्याला. नावं मात्र चोवीस जणांची घ्या, कारण निम्मी गळतात. गावी जाणं, परीक्षा, घर बदलणं ही कारणं खरीच असतात, त्यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

चोवीस नावं मिळत नसतील तर आराखडा लहान करा. निम्मी जागा नुसती सपाट आणि स्वच्छ ठेवली तरी चालते. सुकलेल्या रोपांच्या रांगेपेक्षा मोकळी जमीन बरी दिसते.

२. दोन आठवडे नुसतं बघा

नोंदी पंधरा-पंधरा मिनिटांच्या असाव्यात: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक. किती जण नुसते ओलांडून गेले, किती थांबले, त्यांत बायका किती, मुलं किती, म्हातारी माणसं किती. संध्याकाळी सातनंतर बायकांची संख्या एकदम शून्यावर येत असेल तर तिथे अंधार आहे किंवा आडोसा आहे. बाक टाकून ते सुटणार नाही.

जागेच्या नकाशावर चार गोष्टी खुणा करून दाखवा. लोक चालून चालून पडलेली पायवाट, पाऊस पडल्यावर डबकं साचतं ती जागा, दुपारची सावली, आणि कचरा नेमका कुठून येतो ते ठिकाण. पायवाटेच्या मध्ये वाफा करू नका. आठवडाभरात तो तुडवला जाईल, आणि चूक तुडवणाऱ्याची नसेल.

कचऱ्याचं मूळ शोधणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत कामाचं काम. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: कचरा उचलणारी गाडी लोक कामावर गेल्यावर येते, किंवा डबा दोन गल्ल्या पलीकडे आहे. गाडीची वेळ बदलून घेतली, डबा जवळ आणला, तर ढीग अर्धा तिथेच कमी होतो. हे न करता जागा साफ केली तर महिन्याभरात पुन्हा तोच ढीग, फक्त आता तुमच्या रोपांवर.

३. सभेपेक्षा दारं बरी

सभेला तेच ते दहा जण येतात आणि त्यातले तिघंच बोलतात. त्याऐवजी जागेपासून दीडशे मीटरच्या आतल्या घरांची दारं ठोठवा. ‘इथे काय हवं?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘बाग’, कारण दुसरं काही पटकन सुचत नाही. त्याऐवजी विचारा: इथून जाताना तुम्हाला काय त्रास होतो? घरातलं कोण इथे येऊन बसेल, आणि किती वाजता? या उत्तरांतून आराखडा निघतो.

जी माणसं आजही ती जागा वापरतात त्यांच्याकडे आधी जा. दुपारी भिंतीला टेकून विसावणारे मजूर, दुचाक्या लावणारे, चेंडू खेळणारी पोरं. त्यांना हुसकावून सुशोभीकरण केलं तर पहिल्याच महिन्यात शत्रू तयार होतात. उलट त्यांच्यासाठी कोपरा ठेवला तर तेच राखण करतात.

४. कागदपत्रं

इथेच घोडं पेंड खातं. जमीन नेमकी कुणाच्या नावावर आहे हे नोंदींत तपासा. ‘पालिकेचीच असेल’ हा अंदाज पुष्कळदा चुकतो. मालकाकडून लेखी परवानगी घ्या आणि तिच्यात पाच गोष्टी हव्याच: मुदत, पाणी-वीज कुठून आणि कुणाच्या खर्चाने, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, काय बांधता येईल, आणि जागा परत मागितल्यास किती आधी सांगायचं. मुदत तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर जमिनीत झाड लावू नका, उचलून नेता येतील अशा पिंपांत लावा.

न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या साथीदारांनी १९७३ साली बाउरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा राडारोड्याने भरलेला भूखंड साफ करून तिथे बाग करायला घेतली. पण १९७४ मध्ये शहराकडून महिना एक डॉलर भाड्याने तो भूखंड रीतसर मिळवला. भाडं नाममात्र होतं, कागद मात्र खरा होता. ती बाग आजही आहे.

खणण्याआधी वीज, पाणी, गॅस आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे संबंधित खात्यांकडून मागून घ्या आणि जमिनीवर चुन्याने रेषा मारा. रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर कुदळ चालवायची नाही.

५. खडू आणि खुर्च्यांनी रंगीत तालीम

सिमेंट ओतण्यापूर्वी तात्पुरत्या सामानाने आराखडा मांडून बघा. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत रीबार नावाच्या गटाने मीटरमध्ये पैसे टाकून गाडी लावण्याची एक जागा दोन तासांसाठी घेतली आणि तिथे हिरवळ, बाक आणि एक झाड ठेवलं. पुढे २००९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ब्रॉडवेचा भाग गाड्यांना बंद करून आधी साध्या घडीच्या खुर्च्याच टाकल्या होत्या. कायमचं करायचा निर्णय २०१० मध्ये झाला.

तुम्हाला लागेल ते एवढंच: दहा-बारा सुट्या खुर्च्या, खडू किंवा चुना, रिकामी खोकी, चार कुंड्या, सावलीला एक कापड. सलग दोन शनिवार-रविवार ठेवा. खुर्च्या साखळीने बांधू नका. लोक त्या उचलून कुठे नेतात हेच तर बघायचं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये १९९२ च्या पुनर्बांधणीनंतर सुट्या खुर्च्या ठेवल्या, कारण माणसाला आपली जागा दोन हात इकडे-तिकडे सरकवता आली की तो जास्त वेळ बसतो. दिवसाअखेर खुर्च्या जिथे जमल्या असतील तिथे पक्के बाक येतील. एखादी खुर्ची चोरीला गेली तर तो तालमीचा खर्च समजा.

६. राडारोडा आणि माती

दीडशे चौरस मीटरवर वीस सेंटिमीटरचा थर म्हणजे तीस घनमीटर, वजनाने चाळीस टनांच्या आसपास. हे घमेल्यांनी होत नाही. श्रमदानाचा सगळा उत्साह इथेच संपतो आणि पुढच्या कामाला माणूस उरत नाही. त्यासाठी यंत्र आणि गाडी सांगा, श्रमदान वरचा हलका कचरा वेचण्यापुरतं ठेवा. जाड तळाचे बूट, कातडी हातमोजे, सुया आणि काचा उचलायला लांब चिमटा हवाच. जुने सिमेंटचे पत्रे दिसले तर ते ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतूंचे, असू शकतात: तोडायचे नाहीत, झाडायचे नाहीत, प्रशिक्षित माणसांकडूनच उचलून घ्यायचे.

जुन्या रंगाच्या भिंतींजवळच्या आणि रहदारीच्या रस्त्यालगतच्या मातीत शिसं सापडतं. आठ-दहा ठिकाणांहून वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती घेऊन एकत्र करा आणि प्रयोगशाळेत शिसं तपासून घ्या. अहवाल वाईट आला, किंवा तपासणी जमलीच नाही, तर खाण्याचं काहीही थेट जमिनीत लावू नका. खाली जाड, पाणी झिरपू देणारं कापड अंथरून त्यावर उंच वाफे करा. पालेभाजीला तीस सेंटिमीटर खोली पुरते, टोमॅटो-वांग्यासारख्यांना पंचेचाळीस लागते. रुंदी एक मीटर वीस सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. भिंतीला लागून असेल तर साठच. २.४ बाय १.२ मीटरच्या तीस सेंटिमीटर खोल वाफ्याला सुमारे पाऊण-एक घनमीटर मिश्रण लागतं: दोन भाग माती, एक भाग मुरलेलं खत. पहिल्या पावसानंतर ते खाली बसतंच, तेव्हा थोडं शिल्लक ठेवा.

७. पाणी मुरतं का?

तीस सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणा. पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि एका तासात पातळी किती उतरली ते मोजा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर पावसाचं पाणी तिथेच मुरवायचा उथळ खोलगट भाग करता येईल, पंधरा सेंटिमीटर खोल, इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर लांब. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर हा नाद सोडा आणि उतार काढून पाणी गटाराकडे न्या. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून पाणी अठ्ठेचाळीस तासांत नाहीसं झालंच पाहिजे.

८. झाडं

रोपाच्या मातीच्या गोळ्याइतकाच खोल खड्डा, रुंदीला मात्र दुप्पट-तिप्पट. दाबलेल्या राडारोड्यात कुदळीने गुळगुळीत झालेली खड्ड्याची बाजू मुळांना भिंतीसारखी अडवते, ती खरवडून खडबडीत करा. पिशवी पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं मोकळी करा किंवा कापा. खोड जिथे फाकून मुळं सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. नुसतं खत भरू नका: ते बसतं, झाड खाली जातं आणि खोडाला माती लागून ते कुजतं. खणलेलीच माती, दगड काढून, परत टाका.

आळ्यात सात सेंटिमीटर पालापाचोळा अंथरा, खोडापासून दहा सेंटिमीटर लांब ठेवून. कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा वीस लिटर पाणी, सावकाश. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात आणि झाड पुढे वाऱ्याने कलंडतं. आधाराची काठी पट्टीने बांधा, तारेने कधीच नाही, आणि वर्षाने काढून टाका. विसरलेली तार खोडात रुतून मेलेली झाडं पुष्कळ दिसतात. विजेच्या तारांखाली उंच वाढणारी जात लावायची नाही.

९. बाक, वाट, दिवे

बाकाची उंची त्रेचाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर. निम्म्या बाकांना पाठ आणि हात हवेतच, नाहीतर गुडघे दुखणारी माणसं बसतील, पण उठणार कशी? बाकाची पाठ भिंतीकडे आणि तोंड येण्याजाण्याकडे असावं. वाट दीड मीटर रुंद. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीऐवजी उतार करायचा तर त्याची लांबी किमान १.८ मीटर, जमल्यास तीन. दिवे फार प्रखर नकोत: एका झगझगीत दिव्याच्या पलीकडे काहीच दिसत नाही, त्यापेक्षा तीन मंद दिवे बरे.

भिंतीवर चित्रं काढायचीच असतील तर आधी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटवून सोळा तास ठेवा. आत बाष्प जमलं तर भिंतीत ओल आहे, रंगाचे पोपडे सुटतील. नव्या गिलाव्याला अठ्ठावीस दिवस द्या.

१०. उद्घाटनानंतरचं वर्ष

जमलेल्या पैशांचा पाचवा भाग पहिल्या दिवशीच बाजूला काढा आणि दुसऱ्या वर्षापर्यंत हात लावू नका. नाहीतर पुढचे पाठ, मागचे सपाट. पाळीचा तक्ता जागेवरच लावा, नावासकट. पाळी चुकली तर ती कोण भरून काढणार हेही त्यातच असू द्या. नळाची आणि अवजारांच्या पेटीची किल्ली तीन घरांत हवी, एकाच उत्साही माणसाकडे नको.

तुटलेली फळी, विझलेला दिवा, भिंतीवरची रेघोटी दोन दिवसांत दुरुस्त करा. तशीच राहिली की शेजारी दुसरी उमटते. त्यासाठी पेटीत बाकाच्या दोन जादा फळ्या, बोल्ट, एक दिवा आणि भिंतीच्या रंगाचा डबा ठेवा, झाकणावर शेडचा क्रमांक लिहून.